कपाटातला कॅमेरा आणि गुणपत्रिकेवरचं नाव

वाचकांचे प्रश्न : पत्रकारितेचं शिक्षण

बारावीचा निकाल लागला की या सदराच्या टपालात पत्रकारितेच्या कॉलेजांबद्दलची पत्रं वाढतात. यंदा त्यातली सहा निवडली. लिहिणाऱ्यांची नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

मुलगी बारावी कला शाखेतून पास झाली. तिला पत्रकार व्हायचं आहे. नागपूरच्या एका कॉलेजात तीन वर्षांची पत्रकारितेची डिग्री आहे, पण विनाअनुदानित. इथले सर म्हणतात, गावाजवळच बी.ए. होऊ द्या, मग एक वर्षाचा कोर्स करा. पाच एकर कोरडवाहू आहे. काय करावं?
— एक कास्तकार, दर्यापूर तालुका (जि. अमरावती)

सरांचा सल्ला वाईट नाही, पण त्यात एक खाच आहे. ती शेवटी सांगतो.

रस्ते तीन आहेत. पहिला बारावीनंतर थेट पत्रकारितेची पदवी. तिची नावं विद्यापीठागणिक बदलतात: कुठे बी.ए. मासकॉम, कुठे बी.ए. जर्नालिझम, मुंबईकडे जिला लोक वर्षानुवर्षं बीएमएम म्हणत, तिचं नाव 2019 पासून बीएएमएमसी झालं. दुसरा रस्ता कोणत्याही पदवीनंतर एक वर्षाचा, म्हणजे बी.जे. (बॅचलर ऑफ जर्नालिझम) किंवा पदविका. तिसराही पदवीनंतरचाच, पण प्रवेश परीक्षा देऊन. तुम्ही दर्यापूरचे, म्हणून मुद्दाम सांगतो: भारतीय जनसंचार संस्थेचं, म्हणजे आयआयएमसीचं, एक केंद्र अमरावतीत आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका शिकवतात. बारावीवर तिथे प्रवेश नाही, हे न कळल्यामुळे दरवर्षी काही पालक हेलपाटा मारून येतात.

आमचं मत विचाराल तर, घरून जाऊन-येऊन बी.ए. होत असेल आणि त्या कॉलेजात खरोखर तास होत असतील, तर तिथेच अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि मराठी घेऊन पदवी करणं फायद्याचं. कापसाचा हमीभाव, पीकविमा, जिल्हा परिषदेचं बजेट समजणारा बातमीदार संपादकाला हवा असतो. कॅमेरा चालवायला सहा महिन्यांत शिकता येतं, बजेट वाचायला तेवढे पुरत नाहीत. पण ‘तास होत असतील तर’ ही अट सोडू नका. नुसतं परीक्षेपुरतं उघडणारं कॉलेज असेल, तर नागपूर बरं.

मधला एक मार्ग पुष्कळांना माहीत नसतो. एप्रिल 2022 पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे. त्यामुळे एक नियमित आणि दुसरा मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीने चालतो. म्हणजे बी.ए.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात मुलीला मुक्त विद्यापीठाची पत्रकारितेची पदविका करता येईल. दोन्ही परीक्षांचं वेळापत्रक मात्र आधी शेजारी ठेवून पाहा.

नागपूरला पाठवायचं ठरलं, तर फीचा आकडा एकट्याने पाहू नका. शिक्षण शुल्क, विद्यापीठ व परीक्षा शुल्क, ‘लॅब’च्या नावाखालची फी, खोली, मेस, येणं-जाणं असे रकाने पाडा आणि तिन्ही वर्षांची फी छापील कागदावर मागा. ‘पहिल्या वर्षी सवलत’ देणारे दुसऱ्या वर्षी ती वसूल करतात. एसटीचाही हिशेब बदलतो: बारावीपर्यंत मुलींना पास मोफत होता, आता विद्यार्थी सवलतीचा काढावा लागेल. त्यात महिनाभराच्या प्रवासाला दहा दिवसांचं भाडं पडतं. मूळ गुणपत्रिका कॉलेजात ठेवून घ्यायला यूजीसीने 2018 मध्येच मनाई केली आहे. तपासायला दाखवा आणि परत पिशवीत घाला.

आता ती खाच. बी.जे. ही पदवीनंतरची, पण पुन्हा पदवीच. एका पातळीचं शिक्षण झाल्यावर त्याच पातळीचं दुसरं घेतलं, तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडू शकते. शिष्यवृत्तीवरच गणित बसवलं असेल, तर आधी त्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाला विचारा: मागच्या वर्षी बी.जे.च्या किती पोरांना मिळाली? ‘मिळते’ एवढ्या उत्तरावर उठू नका. आकडा घ्या.

मी यंदा बारावी झाले. वणीहून चंद्रपूर जवळ आहे, अमरावती-नागपूर लांब. एका दिवसात कॉलेज पाहून चांगलं की वाईट कसं ओळखायचं? सगळीकडे ‘सुसज्ज स्टुडिओ’ लिहिलेलं असतं.
— एक विद्यार्थिनी, वणी (जि. यवतमाळ)

आधी नकाशाचं पाहू. वणी यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या हद्दीत. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे 2011 पासून गोंडवाना विद्यापीठाकडे आहेत. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे. गुणपत्रिकेवर ज्या विद्यापीठाचं नाव छापलं जाणार, त्याच्या वेबसाइटवर संलग्न महाविद्यालयांची यादी असते. तिच्यात कॉलेजचं नाव आहे का, एवढंच पाहून थांबू नको. त्या नावापुढे *हाच अभ्यासक्रम* आहे का, ते पाहा. कॉलेज संलग्न असतं, पण पत्रकारितेचा कोर्स मान्यतेविना ‘सर्टिफिकेट’ म्हणून चालवला जातो, ही नेहमीची फसगत. पुढे पदव्युत्तर शिक्षणाला विद्यापीठ बदललंस, तर मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्र लागेल. तेवढ्याने घाबरू नको, फक्त वेळ धरून ठेव.

कॉलेज पाहायला प्रवेशाच्या गर्दीत जाऊ नको. त्या दिवसांत टेबलावर माहितीपत्रकं आणि पेढे असतात, शिकवणं दिसत नाही. मंगळवार-बुधवारसारखा चालू वार गाठ, अकराच्या सुमारास जा.

सर्वांत आधी प्रायोगिक अंक माग, म्हणजे विद्यार्थ्यांनी काढलेलं कॉलेजचं वर्तमानपत्र. शेवटचे तीन अंक आणि त्यांच्या तारखा पाहा. शेवटचा अंक दोन वर्षांपूर्वीचा असेल, तर पुढचं काही विचारायची गरज नाही. अंक ताजा असेल तर बातम्यांखालची नावं वाच. सगळीकडे तेच तिघे दिसले, तर बाकीचे पन्नास काय करतात? पहिल्या पानावर संस्थाध्यक्षांचा वाढदिवस आणि आत प्राचार्यांचा सत्कार असेल, तर त्याला घरचं पत्रक म्हणतात. बाजार समितीतला तुरीचा भाव, वस्तीवरच्या हातपंपाची बातमी, बोलणाऱ्याचं नाव, सरपंचाची बाजू आणि गावकऱ्यांची बाजू, असं काही दिसलं की समज, इथे पोरांना बाहेर पाठवतात.

मग तपासलेली कॉपी माग. विद्यार्थ्याने लिहिलेली आणि मास्तरांनी लाल पेनाने खरडलेली. नुसते ‘7/10’ असे गुण असतील तर ती तपासणी झाली नाही. वाक्य तोडलेलं, शेवटच्या परिच्छेदातली खरी बातमी बाण काढून वर आणलेली, ‘कोण म्हणालं?’ असं समासात विचारलेलं दिसलं, तर त्या मास्तरांकडे शिकायला वणीहून रोज जायला हरकत नाही. कॉलेज निवडताना आम्ही या एका गोष्टीला स्टुडिओपेक्षा जास्त वजन देऊ.

स्टुडिओ मात्र बघ. कॅमेरा कपाटात कुलूपबंद असतो. तो काढून दाखवा म्हण. बॅटरी चार्ज आहे? कार्ड आहे? ट्रायपॉड कुठे आहे? कॅमेरा नेल्या-आणल्याची वही असते, तिच्यात मागच्या महिन्यात किती सह्या आहेत ते वाच. वीस जणांच्या बॅचला एक कॅमेरा आणि एक तास असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटं येतात. तेवढ्यात फोकसही नीट जमत नाही. अशा कॉलेजात मोबाइलवर शिकवतात का ते विचार, कारण आज तालुक्याच्या बातमीचा व्हिडिओ मोबाइलवरच होतो. तिथे गडबड आवाजाची होते. वाऱ्यात, मोर्चात घेतलेला बाइट, म्हणजे बोलणाऱ्याचं रेकॉर्डिंग, ऐकूच येत नाही. कॉलरला लावायचा साधा माइक वापरायला शिकवत नाहीत, तिथे लाखाचा कॅमेरा असून उपयोग नाही.

संगणक खोलीत मराठी टायपिंग कोणत्या पद्धतीने होतं, ते पाहा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर वेबसाइटवर टाकला की अक्षरांची खिचडी होते. युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक शिकवत असतील तर उत्तम. नसतील तर ते तू घरीच शीक, रोज अर्धा तास दिलास तर दोन महिन्यांत हात बसतो.

शिकवणं ताजं आहे का, हे कायद्याच्या तासावरून कळतं. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीत बदनामीचं कलम बघ. फक्त ‘भादंवि 499, 500’ लिहिलेलं असेल तर नोट्स जुन्या आहेत. 1 जुलै 2024 पासून भादंविच्या, म्हणजे भारतीय दंडविधानाच्या, जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि बदनामी तिच्या कलम 356 मध्ये आली. वर्तमानपत्र नोंदणीचंही तसंच: 1867 चा कायदा जाऊन त्या जागी 2023 चा नवा आला, तो मार्च 2024 पासून चालू आहे. आणि अल्पवयीन पीडितेची ओळख का छापायची नाही, हे पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 23 सह सांगता येत नसेल, तर त्या वर्गातून बाहेर पडणारा पोरगा पहिल्याच महिन्यात संपादकाला कोर्टात उभं करील.

शिक्षकांबद्दल विचारताना पदनाम विचारू नको, किती जण पूर्णवेळ आणि किती तासिका तत्त्वावर ते विचार. तासिका तत्त्वावर येणारा चालू वृत्तपत्रातला उपसंपादक कधी कधी पूर्णवेळ प्राध्यापकापेक्षा चांगला शिकवतो. पण सगळेच तसे असतील, तर निवडणुकीच्या आणि अधिवेशनाच्या महिन्यात वर्ग रिकामा राहतो. नागपूरचं हिवाळी अधिवेशन आणि सत्र परीक्षा साधारण एकाच मोसमात येतात, हेही लक्षात ठेव.

शेवटी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाच्या पोरींना गाठ आणि एवढंच विचार: मागच्या महिन्यात तू किती बातम्या लिहिल्यास? उत्तर यायला वेळ लागला, तर वणीची एसटी पकड.

मोबाइलवर एका एजन्सीची जाहिरात आली: ‘अमेरिकेची कम्युनिकेशन अँड जर्नालिझममधली असोसिएट डिग्री, घरबसल्या, दोन वर्षांत’. ही डिग्री इथे चालते का?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

असोसिएट डिग्री ही अमेरिकेत खरीखुरी पदवी आहे, ती बनावट नाही. तिथे ती बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत मिळते. साधारण 60 क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर मिळणारे श्रेयांक), दोन वर्षं. निम्म्याच्या आसपास अभ्यास इंग्रजी, गणित, समाजशास्त्र, विज्ञान अशा सामान्य विषयांचा असतो, उरलेला पत्रकारितेचा. तिचा खरा उपयोग पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला बसण्यासाठी. म्हणून तिथला शहाणा विद्यार्थी फी विचारण्याआधी क्रेडिटचं विचारतो: पुढचं कोणतं विद्यापीठ यातली किती क्रेडिट मान्य करतं आणि तसा लेखी करार आहे का? कॅलिफोर्नियात यासाठी 2010 मध्ये कायदाच झाला आणि ‘ट्रान्स्फर’साठीची वेगळी असोसिएट डिग्री आली. ती पत्रकारितेतही मिळते. करार नसेल, तर पुढच्या विद्यापीठात निम्मी क्रेडिट गळतात आणि दोन वर्षांची तीन होतात.

तिथे प्रत्यक्ष जाऊन शिकणार असाल, तर आणखी एक हिशेब करा. विद्यार्थी व्हिसावर पहिल्या वर्षी कॉलेजच्या आवारातच काम करता येतं, तेही सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच. ‘पार्टटाइम करून फी निघेल’ हे एजंटाचं वाक्य त्यात बसत नाही.

तुमची जाहिरात मात्र संशयाची आहे. भारतात दोन वर्षांची पदवी बॅचलर पदवीच्या बरोबरीची धरली जात नाही. ‘पदवीधर’ अशी अट असलेल्या नोकरीत ती चालणार नाही. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे नियम यूजीसीने 2025 मध्ये काढले. त्यानुसार फ्रँचायझीतून, म्हणजे इथल्या एजन्सीने परदेशी नाव विकत घेऊन दिलेली पदवी समकक्ष ठरत नाही. बनावट विद्यापीठांची यादीही यूजीसी दरवर्षी लावते, आणि तिच्यात नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे. एजन्सीला एकच प्रश्न विचारा: गुणपत्रिका कोणत्या संस्थेची, आणि तिला तिथल्या कोणत्या मान्यता मंडळाने मान्यता दिली आहे? उत्तर व्हॉट्सअॅपवर न घेता ईमेलवर मागा.

जाता जाता एक सांगायचं. अमेरिकी पद्धतीचं पत्रकारिता शिक्षण हवंच असेल, तर ते नागपुरात पाऊणशे वर्षांपासून मुरलेलं आहे. हिस्लॉप कॉलेजचा पत्रकारिता विभाग 1952 च्या सुमारास सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्सली यांच्या पुढाकाराने उभा राहिला.

नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनी सोडलं तरी डिप्लोमा मिळतो म्हणतात. तसं असेल तर तीन वर्षं कशाला?
— एक विद्यार्थी, रिसोड (जि. वाशिम)

मिळतो, पण आपोआप नाही. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चारनंतर ऑनर्स. पदविकेसाठी दोन वर्षांची किमान 80 क्रेडिट आणि त्याशिवाय 4 क्रेडिटचा व्यवसायकौशल्याचा वेगळा कोर्स पूर्ण करावा लागतो, आणि पोरं इथेच अडकतात. बाहेर पडायचं ठरतं जूनमध्ये, आणि तो चार क्रेडिटचा कोर्स उन्हाळ्यातच झालेला असायला हवा होता. क्रेडिट तुमच्या ‘अपार’ क्रमांकाच्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या शैक्षणिक ओळख क्रमांकाच्या, खात्यात जमा झाली आहेत की नाही, ते दर सत्रानंतर स्वतः तपासा. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पूर्ण व्हायला हवी.

आणखी एक. पत्रकारिता तुमचा मुख्य विषय असेल तरच ती पदविका पत्रकारितेची. गौण विषय म्हणून घेतली असेल, तर पदविकेवर नाव दुसऱ्याच विषयाचं येईल.

दोन वर्षांनी सोडण्याचा बेत आधीपासून आखू नका. घरी अडचण आली तर हात रिकामे राहू नयेत, यासाठी ही सोय आहे. माहिती व जनसंपर्क खात्यासारख्या सरकारी जागांच्या जाहिरातींत पदवी तर मागतातच, शिवाय पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागतात.

मुलींची फी पूर्ण माफ झाली आहे ना? मग कॉलेज फी का मागतंय?
— एक पालक, चिखली (जि. बुलढाणा)

जुलै 2024 चा तो शासन निर्णय सरसकट नाही. शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला लागलेल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींसाठी तो आहे. पत्रकारितेची पदवी बहुतेक कॉलेजं स्वतःच्या गुणवत्ता यादीवर देतात, त्यामुळे ती त्यातून सुटते.

तुमच्यासाठी खरी किल्ली शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या सरकारी महाडीबीटी पोर्टलवर आहे. अर्ज भरताना कॉलेज निवडलं की त्याच्या अभ्यासक्रमांची यादी उघडते. तिच्यात पत्रकारितेचा कोर्स दिसला नाही, तर कोणत्याच योजनेचा अर्ज पुढे जात नाही. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीचा मागच्या वर्षीचा मंजूर अर्ज पाहून घ्या. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. दोन बँकांत खाती असतील तर आधार जोडणी कुठल्या खात्याला आहे ते बँकेत जाऊन विचारा, नाहीतर रक्कम भलत्याच खात्यात पडते. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मेमध्येच काढा. जून-जुलैत सेतू केंद्रावरच्या रांगेने पेरणीचे दिवस खाल्ले जातात. शिक्षणात एक वर्षाचा खंड असेल, तर त्याचं प्रतिज्ञापत्रही सोबत लागतं.

वसतिगृहात जागा नाही मिळाली, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार, अनुसूचित जमातीला स्वयम् आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. कॉलेज ज्या गावात, त्याच गावचे रहिवासी असाल तर स्वाधार मिळत नाही.

मी सहा वर्षं एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. मानधन नावाला, जाहिराती आणाव्या लागतात. आता शिक्षण घेऊन उपयोग होईल का? गाव सोडता येत नाही.
— एक वार्ताहर, अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया)

पदवीने तुमचं मानधन वाढणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. उपयोग तीन ठिकाणी होईल: सरकारी जाहिरातींतल्या अटी पूर्ण होतील, शहरातल्या डेस्कवर अर्ज करता येईल, आणि आकाशवाणीच्या नैमित्तिक कामांसाठी अर्ज करताना कागद भक्कम होतील. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ, अकोला ही केंद्रं अशा कामांसाठी वेळोवेळी ध्वनिचाचण्या घेतात. तुमची भाषा झाडीबोलीच्या वळणाची असेल तर बिचकू नका. उच्चार स्पष्ट आणि वाक्य सरळ असलं की पुरे.

पदवी असेल तर इग्नूची पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका, नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ पाहा. दूरस्थ कोर्स कोणताही असो, यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या त्या *वर्षाच्या* यादीत तो आहे का, ते तपासा. मान्यता वर्षावर असते, नावावर नाही.

सहा वर्षांच्या कात्रणांची फाइल करा, पण सगळी नको. दहा निवडा: ज्यात तुम्ही स्वतः ठिकाणावर गेलात, कागद मिळवलात, दोन्ही बाजू घेतल्यात. पत्रकांवरून बनवलेल्या बातम्या त्यात घालू नका, मुलाखत घेणाऱ्याला त्या पहिल्या ओळीत ओळखू येतात. जाहिरातदाराबद्दलची स्तुतीची बातमी तर नकोच.

अभ्यासकेंद्र निवडताना संपर्क सत्रं खरोखर होतात का, हे मागच्या बॅचच्या दोघांना फोन करून विचारा. परीक्षा केंद्र साकोलीला येईल की गोंदियाला, हेही फॉर्म भरतानाच विचारून घ्या. हिवाळी परीक्षा धानाची मळणी आणि खरेदी केंद्रांवरच्या रांगांच्या दिवसांतच येते, आणि तुमच्या बातमीचाही हंगाम तोच असतो.